सोलापूरच्या द्राक्षपट्ट्यात एक दिवस: नान्नज, कासेगाव की मोटेवाडी?

नवीपेठ

पुण्याहून सात जण येणार आहेत. त्यातले दोघे सत्तरीपुढचे, एक नऊ वर्षांची मुलगी. वाईन घेणारे तिघेच. द्राक्षबाग आणि वायनरी बघायची म्हणून त्यांच्या डोक्यात नाशिक आहे. द्राक्षं आपल्या जिल्ह्यात, बेदाणा आपल्या जिल्ह्यात, माळशिरस तालुक्यात वायनरी, मग सोलापुरातून साडेतीनशेहून जास्त किलोमीटर कशाला जायचं?

सकाळी निघून रात्री घरी, असा एका दिवसाचा बेत हवा आहे. कमानीखाली फोटो, झोपाळा, 'द्राक्ष थाळी' असलं काही नको. चालू बाग, चालू काम बघायचं आहे. तारीख अजून हातात आहे: जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीचा मध्य. नान्नज, पंढरपूरकडचं कासेगाव आणि मोटेवाडी ही तीन नावं डोक्यात आहेत. तिन्ही एका दिवसात होतील का?

ओलांडा

तिन्ही होणार नाहीत. नान्नज सोलापूरच्या उत्तरेला बार्शी रोडवर, वीसेक किलोमीटर. माळशिरस पश्चिमेला, सव्वाशेच्या आसपास. तोंडं दोन दिशांना आहेत. दिवसभर गाडीत बसायचं असेल तर करा.

आधी तारीख ठरवा, गाव आपोआप ठरेल. द्राक्षबाग वर्षभर एकसारखी नसते. आपल्याकडे वर्षाला दोन छाटण्या. एप्रिलची खरड छाटणी, तिच्यानंतर नुसती काडी तयार होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी, तिच्यातून घड येतात. फळछाटणीपासून माल तयार व्हायला जातीप्रमाणे आणि थंडीप्रमाणे १२० ते १४० दिवस लागतात. १ ऑक्टोबरला छाटलेली बाग १३० दिवसांनी म्हणजे ८ फेब्रुवारीच्या सुमारास काढणीला येते. ज्यानं ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरच्या सुरुवातीला धाडस करून आगाप छाटली, त्याचा माल जानेवारीतच सुटतो. म्हणून बागायतदाराला पहिला प्रश्न 'द्राक्षं आहेत का' हा नको. 'छाटणी कधीची?' हे विचारा आणि दिवस मोजा.

एप्रिल-मेमध्ये येणारे लोक फसतात ते इथंच. तेव्हा बागेत खरड छाटणी झालेली असते. ओलांडे म्हणजे वेलीचे आडवे हात, तारा आणि फुटणारे डोळे, एवढंच दिसतं. शिकणाऱ्याला तेही बघण्यासारखं आहे, पण पाहुण्यांना नाही.

शेंगाचटणी

जानेवारीचा शेवट धरला तर हुरडाही मिळेल. फेब्रुवारीच्या मध्याला ज्वारीचा दाणा टणक होतो, मग हुरडा म्हणून जे मिळतं ते फ्रीजमधलं.

वडाळा_फाटा

नान्नजला नुसतं गाव म्हणून जाऊ नका. ताटात येणाऱ्या द्राक्षांच्या कितीतरी जातींचा उगम या शिवारात आहे. नानासाहेब काळे इथले. त्यांनी थॉम्पसन सीडलेसच्या बागेत वेगळी दिसलेली फूट हेरून, वाढवून 'सोनाका' तयार केली. नावातच पत्ता आहे: सोलापूर, नान्नज, काळे. काळ्या द्राक्षांतली 'शरद सीडलेस' पण त्यांचीच, ती किशमिश चोर्नी या परदेशी जातीतून निवडलेली. प्रयोगशाळा नाही, बागेत रोज फिरणारा डोळा. एका वेलीच्या एका काडीवर घड निराळा दिसला, की ती काडी जपायची, तिच्यापासून नवी वेल करायची, आणि तीन-चार हंगाम तोच गुण टिकतो का ते बघायचं. टिकला तर जात, नाही तर सरपण.

पाहुण्यांना हे बागेत उभं राहून दाखवता येतं. थॉम्पसनचा मणी गोलसर-लंबगोल, सोनाकाचा लांब. दोन्ही घड शेजारी धरले की नऊ वर्षांच्या मुलीलाही फरक कळतो.

पेठेतला_वाचक

सोनाकाचा असा अर्थ असेल हे ध्यानातच आलं नव्हतं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

माळरान

नान्नजला गेलात तर सकाळी आधी माळढोक अभयारण्य करा, मग बाग. उलट केलंत तर दोन्ही हातचं जातं. फेब्रुवारीत सूर्य सातच्या जरासा आधी उगवतो. सोलापुरातून सहाला निघा, उजाडताना माळावर. साडेआठनंतर ऊन चढलं की जनावरं आडोशाला जातात आणि हवा थरथरायला लागल्यानं दुर्बिणीतूनही नीट दिसत नाही.

माळढोक दिसेल असं पाहुण्यांना सांगू नका. अभयारण्य १९७९ पासूनचं आहे, पण पक्षी आता अगदी दुर्मीळ झाला. काळविटांचे कळप मात्र दिसतात. नशीब असेल तर लांडगा. चंडोल, धाविक, पखुर्डी यांच्यासाठी दुर्बीण न्या. लाल-पांढरे कपडे नकोत, मातकट घाला. गाडीतून उतरून काळविटांच्या मागे जायचं नाही. पळताना त्यांची ताकद जाते आणि त्या वेळी माद्यांबरोबर पाडसं असू शकतात.

ओलांडा

माळरानदादांचं बरोबर आहे, आणि बागेच्या वेळेशीही ते जुळतं. काढणी सकाळीच चालते. दव वाळलं की सुरू, ऊन तापायच्या आत बंद. ओल्या घडाला पेटीत बुरशी लागते, तापलेला घड लगेच मऊ पडतो. म्हणजे साडेआठ ते साडेअकरा ही बाग बघायची वेळ. दुपारी दोनला गेलात तर बागेत कोणी नसतं, सगळे पॅकिंगच्या शेडमध्ये.

आता बागेत कसं वागायचं, हे जरा सविस्तर लिहितो, कारण बागायतदार तोंडावर बोलत नाही आणि पुढच्या वेळी फाटक उघडत नाही.

ओळखीशिवाय आत शिरू नका. गावातल्या कृषी सेवा केंद्रात विचारा, कुणाची काढणी चालू आहे ते त्यांना माहीत असतं, फोनही तेच लावून देतात. आत गेल्यावर पहिलं विचारायचं: 'शेवटची फवारणी कधी झाली?' प्रत्येक औषधाला काढणीपूर्व काळ, म्हणजे फवारणीनंतर काढणीआधी थांबायचे दिवस, असतो, कुणाला चार दिवस, कुणाला महिनाभर. काढणीची बाग असेल तर तो पाळलेला असतो, पण शेजारचा प्लॉट वीस दिवस मागं असेल तर तिथं कालच फवारलेलं असू शकतं. मुलं हात लावतील तिथं मणी तोडून तोंडात घालतात. तोडून खायचं ते मालक देईल तेच, आणि धुऊन.

घड हातात घ्यायचा तर देठाला धरून. मण्यावर पांढरट पावडर दिसते ती औषधाची असं समजून लोक बोटांनी पुसतात. ती वेलीनं स्वतः तयार केलेली मेणाची लव असते. पुसली की मणी तेलकट दिसतो आणि तो घड व्यापारी बाजूला काढतो. एका पाहुण्यानं दहा घड चाचपले की दोन-अडीच किलो मालाचा दर पडला.

ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका. वाय पद्धतीच्या मांडणीत तारा बरोबर मानेच्या उंचीला येतात, घडाकडे बघत चालणारा माणूस तारेत अडकतो. वयस्कर मंडळींना ओळीच्या टोकालाच खुर्ची द्या. टोकाच्या वेलीवरचे घडही तसेच असतात, आत जाण्याची गरज नाही.

सिद्धेश्वर_तळं

घडांना वर्तमानपत्र का गुंडाळतात? बार्शी रोडनं जाताना बऱ्याच बागांत दिसतं.

ओलांडा

पिंक बेरीसाठी. डिसेंबर-जानेवारीत रात्र एकदम गार आणि दुपार तापलेली, असा फरक वाढला की हिरव्या जातीचे मणी गुलाबी पडतात. चव बिघडत नाही, पण निर्यातीचा माल हिरवाच लागतो, गुलाबी घड बाजूला. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ व्हायला लागायच्या सुमारास कागद लावला की उन्हाचा चटकाही बसत नाही. कागद उचलून आत डोकवायचा मोह आवरा, तो पुन्हा तसाच बसत नाही.

नीराकाठ

नान्नजचं सगळं मान्य, पण धागाकर्तीनं वाईन विचारली आहे. ती नान्नजला मिळणार नाही.

मोटेवाडी म्हणजे फ्रातेल्ली वायनरी. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. अकलूजचे मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू, अशा भावांच्या तीन जोड्या. सातवा माणूस इटलीतल्या तोस्काना प्रांताचा वाईनकार पिएरो मासी. त्यांच्या वरच्या दर्जाच्या वाईनचं नाव 'सेत्ते' म्हणजे सात, त्यात सांजोवेजे आणि कॅबर्ने सॉव्हिन्यों या दोन द्राक्षांचं मिश्रण. सांजोवेजे हे मूळ तोस्कानाकडचं द्राक्ष, आणि ते माळशिरसच्या मुरमाड जमिनीत, ठिबकवर उभं आहे. हे बघायला पुण्या-मुंबईचे लोक येतात आणि सोलापूरकर अजून विचारतात, तिकडं काय आहे म्हणून.

जाण्याआधी लक्षात ठेवायचं:

नकाशावर 'मोटेवाडी' एवढंच टाकू नका. या नावाची गावं महाराष्ट्रात बरीच आहेत. 'मोटेवाडी, माळशिरस' टाका.

आधी फोन करून वेळ घ्या. वाटेत दिसलं म्हणून आत शिरलो, असं ते ठिकाण नाही. फोनवर दोन गोष्टी विचारा: त्या दिवशी द्राक्ष गाळप चालू आहे का, आणि जेवण सांगायचं तर किती आधी. वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत. पांढरी आधी, लाल मागून. फेब्रुवारीच्या मध्यात दोन्ही बघायला मिळायची शक्यता जास्त.

२६ जानेवारी टाळा. कोरडा दिवस असतो, विक्री आणि चव दोन्ही बंद. जानेवारीचा शेवटचा आठवडा डोक्यात असेल तर तारीख तपासून घ्या. निवडणूक लागली तर मतदानाआधीचे ४८ तासही धरा.

कडकभाकरी

एक शंका. आपली सोनाका एवढी गोड, मग तिचीच वाईन का करत नाहीत? फ्रान्स-इटलीची रोपं आणायची गरज काय?

नीराकाठ

गोडी दोन्हीकडं लागते, पण कामाचं असतं साल. सोनाकाचा मणी मोठा, पातळ सालीचा, पाण्यानं भरलेला, बिनबियांचा. खायला हेच गुण. लाल वाईनचा रंग आणि तोंडाला येणारा तुरटपणा साल आणि बी यांतून येतो, रसातून नाही. वाईनचं द्राक्ष वाटाण्यापेक्षा जेमतेम मोठं, साल जाड, आत बी. एक किलो लहान मण्यांना साल किती, आणि एक किलो मोठ्या मण्यांना किती, हिशेब करून बघा.

खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला जीए (जिबरेलिक आम्ल) या संजीवकाचं बुडवणं देतात, खोडाची दोन-तीन मिलिमीटर साल गोलाकार काढून गर्डलिंग करतात. वाईनच्या बागेत हे काही नाही. तिथं उलट घड कमी ठेवतात, पाणी हात राखून देतात.

दुसरं आंबटपण. साखर २२ ब्रिक्स, म्हणजे रसात वजनानं २२ टक्के, असेल तर साधारण १२ टक्के अल्कोहोल बनतं, ब्रिक्सला ०.५५ नं गुणायचं. पण आंबटपण नसेल तर ती वाईन नुसती गरम आणि सपाट लागते. आपल्याकडची अडचण हीच. उष्ण रात्रीत वेल मॅलिक आम्ल जाळून टाकते. साखर चढायची वाट बघत बसलं तर आंबटपण हातातून जातं. म्हणून पांढऱ्या वाईनची द्राक्षं लवकर आणि पहाटे काढतात, गार असताना टाकीत घालतात. वायनरीत गेल्यावर हे विचारा: आज किती ब्रिक्सला काढलं आणि किती वाजता काढलं? असा प्रश्न आला की दाखवणारा माणूस पाठ केलेलं बोलणं सोडून खरं बोलायला लागतो.

गाळप चालू असेल तर तीन ठिकाणी थांबा. देठ वेगळे काढणारं यंत्र: बाहेर पडणारे देठ हिरवे की तपकिरी ते बघा, तपकिरी म्हणजे नीट पिकलेले. मग टाक्या: पांढरी १२ ते १८ अंशांवर आंबवतात, लाल २५ च्या पुढे, म्हणून टाकीला बाहेरून गार पाण्याचं कवच. लालमध्ये साली वर तरंगून जाड थर धरतात, तो दिवसातून दोन-तीनदा मोडावा लागतो, नाहीतर वरचा थर तापतो, वाळतो, आणि व्हिनेगरचा वास धरतो. शेवटी लाकडी पिंपं, २२५ लिटरची. टाक्यांजवळ मुलीला वाकू देऊ नका. आंबताना कार्बन डायऑक्साइड निघतो, तो जड असतो, खाली साचतो.

भीमातीर

गाडी चालवणाऱ्याचं कुणी लिहिलं नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. वायनरीत चवीला पाच ग्लास देतात, प्रत्येकी ३० मिलिलिटर धरा. १५० मिलिलिटर झाली. साडेबारा टक्क्यांनी त्यात जवळपास १५ ग्रॅम अल्कोहोल. ७० किलोच्या पुरुषाचं रक्त मर्यादेवर येऊन टेकतं, ६० किलोच्या बाईचं मर्यादेच्या पुढं जातं. 'नुसती चव घेतली' म्हणणारा माणूस कायद्यानं दोषी ठरू शकतो. पुढं सव्वाशे किलोमीटर, त्यातही उसाच्या ट्रॉल्या विनादिव्याच्या. चालवणाऱ्यानं थेंबही घेऊ नये, किंवा चालक बरोबर न्यावा.

चव घेणाऱ्यांनीही थुंकायचं भांडं मागून घ्यावं. ते लाज वाटायचं काम नाही, धंद्यातले लोक तसंच करतात.

कडकभाकरी

उत्तर पटलं, नीराकाठ. साल-पाण्याचा हिशेब डोक्यात बसला.

बेदाणा_शेड

वाईनवर एवढं चाललंय म्हणून बेदाण्याकडून लिहितो. ज्येष्ठ आणि लहान मुलगी बरोबर असतील तर त्या दोघांना सगळ्यात जास्त बेदाण्याची शेड आवडेल. सावली आहे, बसायला जागा आहे, वास गोड आहे, आणि काम समोर चाललेलं असतं.

आधी गाव नीट धरा. नकाशावर कासेगाव तीन. एक तुळजापूर रोडवर उळे-कासेगाव, एक सांगली जिल्ह्यात वाळव्याचं. तुम्हाला हवं ते पंढरपूर तालुक्यातलं.

काम असं. बेदाण्याला द्राक्ष २२ ब्रिक्सच्या पुढं लागतं. कमी साखरेचं वाळवलं तर बेदाणा पातळ, चपटा, वजनाला हलका. घड आधी स्वच्छ पाण्यात, मग डिपिंगच्या टाकीत. १०० लिटर पाण्याला अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑईल, म्हणजे इथाइल ओलिएट. पाण्याचा सामू (पीएच) ११ च्या आसपास ठेवायचा. दोन ते चार मिनिटं बुडवून काढायचं. मण्यावरच्या मेणाच्या लवेला त्यानं बारीक वाटा पडतात आणि आतलं पाणी बाहेर यायला मोकळं होतं. लव आहे तशी ठेवून वाळवलं तर कितीतरी जास्त दिवस लागतात आणि रंग तपकिरी होतो.

मग शेडमध्ये जाळीच्या थरांवर पसरायचं, एकावर एक दहा-अकरा थर. ऊन थेट पडू द्यायचं नाही, वारा खेळता हवा. १२ ते १८ दिवसांत वाळतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, थोडं पुढंमागं. शेवटी ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास.

बिघडतं कुठं? अवकाळी पाऊस. हवेत दमटपणा आला की वाळणं थांबतं, मणी काळे पडतात, चिकटतात. दुसरं, डिपिंगचं द्रावण सकाळपासून तेच वापरत राहणं. माती आणि रसानं त्याची ताकद जाते, शेवटच्या क्रेटचा माल उशिरा वाळतो आणि एकाच जाळीवर दोन रंग दिसतात. शेड बघताना वरच्या आणि खालच्या थरांतला रंग ताडून पाहा, मालक काळजीचा आहे की नाही ते तिथंच कळतं.

हे सगळं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून एप्रिलपर्यंत. जानेवारीत शेड रिकामी.

शेंगाचटणी

हिरवा बेदाणा म्हणजे बिनऔषधाचा, हे मग खरं का?

बेदाणा_शेड

नाही. बिनडिपिंगचा बेदाणा तपकिरी-काळपट होतो. हिरवा राहतो तो डिपिंगमुळं आणि सावलीमुळं. एकसारखा पिवळा, चकचकीत दिसतो त्याला गंधकाची धुरी दिलेली असते. घरात दम्याचा त्रास असणारं कुणी असेल तर धुरीचा बेदाणा घेऊ नका, गंधकानं काहींना धाप लागते. शेडवर विचारलं की सांगतात.

घेताना मूठभर घेऊन दाबा आणि सोडा. सुटा झाला तर ओलावा बरोबर. गोळा राहिला तर घरी नेऊन महिन्याभरात आतून साखर फुटेल आणि बुरशी येईल. देठाची काडी किती राहिली आहे तेही बघा. घरी हवाबंद डब्यात, फ्रीजमध्ये.

माळरान

एक पोटधागा करतो, माफ करा. 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' ही म्हण आपल्या शिवाराला लागू नाही. इथला कोल्हा पिकलेली द्राक्षं आवडीनं खातो, खालच्या ओलांड्यावरचे घड ओरबाडतो, विष्ठेत साल दिसते. सकाळी बागेत कडेचे घड कुरतडलेले दिसले तर मुलीला दाखवा. शेतकऱ्याला पक्ष्यांचं नुकसान त्याहून जास्त होतं, म्हणून वरून जाळी असते.

शेंगाचटणी

वाईनबरोबर शेंगा चटणी-कडक भाकरी न्यायची का? पाहुण्यांना सोलापूरची चव म्हणून.

नीराकाठ

न्या, पण जेवणाच्या वेळी, चव घ्यायच्या आधी नको. तिखटानं जीभ तापलेली असली की अल्कोहोल आणखी जाळतं आणि लाल वाईनचा तुरटपणा कडवट लागतो. चटणीबरोबर चालेल ती किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाईन, तीही गार. लालबरोबर धपाटे किंवा मटण. चव घेताना नुसती कडक भाकरी तोडून खा, पाण्याचा घोट घ्या. मीठ-मसाला नसलेली भाकरी जीभ साफ करायला फारच उत्तम. आणि अत्तर, गजरा त्या दिवशी नको, मोगऱ्याच्या वासात वाईनचा वास कळत नाही.

पंढरी_वेस

वाटेबद्दल. फेब्रुवारीच्या आसपास माघी एकादशी असते. त्या दिवशी आणि आदल्या दिवशी पंढरपूर शहरातून गाडी काढायचा विचारही करू नका, बाह्यवळणानं जा. पंचांग बघून तारीख ठरवा. जानेवारीत संक्रांतीच्या सुमाराला सोलापुरात सिद्धेश्वर यात्रा, गड्डा, तेव्हा शहरातूनच बाहेर पडायला वेळ जातो.

मोटेवाडीला जाताना वेळापूरला थांबा. अर्धनारी नटेश्वराचं यादवकालीन दगडी मंदिर, माउलींच्या पालखीच्या वाटेवरचं. सकाळी शांत असतं, ज्येष्ठांना पाय मोकळे करायला चांगली जागा. वाईन न घेणाऱ्यांना दिवस त्यांचाही वाटायला हवा. दोन तास नुसतं बसवून ठेवलं तर ते कंटाळतात.

वडाळा_फाटा

सहमत. नान्नजकडं तसंच मार्डीची यमाई आहे, बागेपासून लांब नाही.

नवीपेठ

सगळ्यांचे मनापासून आभार. म्हणजे ओलांडा म्हणाले तसं तारखेवरच ठरतंय. मला समजलं ते असं:

जानेवारीचा शेवट धरला तर नान्नज. काळवीट, आगाप बाग, हुरडा, मार्डी. दुपारी तीनपर्यंत घरी. वाईन नाही, बेदाणा नाही.

फेब्रुवारीचा मध्य धरला तर वेळापूर, मोटेवाडी, परतताना कासेगाव. हुरडा नाही.

आम्ही फेब्रुवारी घेतोय. सहाला निघून मोहोळमार्गे पंढरपूर बाह्यवळण, साडेआठला वेळापूर, दहाला वायनरी, एकला जेवण, तीनच्या आत निघायचं, साडेचार-पाचला कासेगावची शेड, मंगळवेढामार्गे साडेसातपर्यंत सोलापूर. चालक बरोबर. वेळा बरोबर बसतात का? आणि खायची द्राक्षं कुठं घ्यायची? मोटेवाडीची तर वाईनची.

पंढरी_वेस

वेळा बसतात. वेळापूरला नाश्ता करू नका, डबा न्या, नाहीतर अर्धा तास तिथंच जाईल. ऊस गाळपाचा हंगाम असतो, साखर कारखान्यांच्या वाटेवर ट्रॉल्यांमागं अडकलात की वीस मिनिटं गेली.

बेदाणा_शेड

शेडवाल्याला आदल्या दिवशी फोन करा आणि 'उद्या डिपिंग आहे का' विचारा. डिपिंग सकाळचं काम, पाचला गेलात तर टाकी रिकामी, नुसते थर दिसतील. टाकी चालू बघायची असेल तर क्रम उलटा करा, आठला कासेगाव, अकराला वायनरी, वेळापूर परतताना.

नवीपेठ

उलटाच करते मग. वायनरीची वेळ अकराची मागून घेते.

ओलांडा

उलटा क्रमच चांगला. खायची द्राक्षं कासेगावच्या भागातच घ्या, काढणी चालू असलेल्या बागेच्या पॅकिंगमधून, चार किलोची पेटी. घेण्याआधी घडाच्या अगदी टोकाचा मणी खाऊन बघा. घड वरून खाली पिकत येतो, टोकाचा मणी गोड असेल तर सगळा घड गोड. वरचा मणी देणारा विक्रेता चांगला असेलही, पण तुम्ही टोकाचाच मागा. देठ हिरवा हवा. पेटी उचलून हलकेच हलवा, मणी गळून खाली पडले तर माल जुना किंवा जास्त पिकलेला.

सकाळी घेतली म्हणजे पेटी दिवसभर गाडीत राहणार. डिकीत ठेवू नका, तिथं भट्टी होते. मागच्या सीटच्या पायाशी, सावलीच्या बाजूला, आडवी सपाट. पेटीवर पेटी नको. आतला कागदी पॅड फाडू नका, त्यातून निघणारा गंधकाचा वायूच बुरशी अडवतो. घरी आल्यावर धुऊन फ्रीजमध्ये घालायची नाहीत, ओल्या मण्याला दोन दिवसांत बुरशी. लागतील तेवढेच घड काढा, एक लिटर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवा, मग वाहत्या पाण्यात धुवा.

सिद्धेश्वर_तळं

जाऊन आल्यावर शेडमधले फोटो टाका मालक, आमच्याकडची मुलंही न्यायची आहेत मार्चमध्ये.

बेदाणा_शेड

मार्चमध्ये या की ओ. तेव्हा शेडी भरलेल्या असतात, पहिला वाळलेला माल जाळीवरून झाडून खाली घेतात. मुलांना तोच भाग आवडतो.